जाग आल्यावरचा वेग

धाकटीने दादाला शब्द दिला होता, वर्गात पाय ठेवणार नाही म्हणून. त्यामुळे ती व्हरांड्यातल्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि दाराच्या काचेतून आत बघत होती. बसली बाहेर असली तरी जीव आतच टांगणीला लागलेला.

दादा भूगोल शिकवायचा. आवाज असा, की मुलांनी त्याचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. मग घशाचं ऑपरेशन झालं; जीव वाचला, आवाज गेला. आता तो लॅपटॉपवर टाइप करायचा आणि लॅपटॉप त्याच्याच जुन्या आवाजात बोलायचा. हे धाकटीने जमवलं होतं, कारण तिचं पोटच प्रोग्राम लिहिण्यावर चालायचं. आज मुख्याध्यापिका बाई मागच्या बाकावर बसून त्याचा तास बघत होत्या. मशीन घेऊन त्याला एकट्याने वर्ग सांभाळता आला तर शिकवणं चालू राहणार, नाही तर ग्रंथालयात बसून पुस्तकांवर शिक्के मारायचे. "पुस्तकांना भूगोल शिकवू का?" असं दादाने काल लॅपटॉपकडून वदवलं, तेव्हा धाकटीला हसावं की रडावं कळेना.

लॅपटॉप होता जुना. प्रोसेसर सतत पूर्ण वेगाने पळायला लागला की तापायचा, आणि पंखा असा घोंघावायचा की दादाचा आवाजच ऐकू येईना. म्हणून धाकटीने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. झाकण मिटलं, मशीन झोपलं, की वेग उतरवायचा. झाकण उघडलं की होता तिथे परत चढवायचा. मुलं लिहीत असताना दादा झाकण मिटायचाच. उघडं ठेवलं तर कार्टी वही सोडून स्क्रीनकडे बघत बसतात, हे त्याचं म्हणणं. धाकटीने घरी टेबलावर झाकण उघडून मिटून, उघडून मिटून इतकं बघितलं होतं की बिजागरी कुरकुरायला लागली. दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक तिला कोसावरून दिसायची. पण स्वतःचा प्रोग्राम म्हणजे आपला तो बाब्या!

सकाळी निघताना तिने दादाची पिशवी तपासली. कितव्यांदा ते विचारू नका. चार्जर दिसला तो काढून तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "बॅटरी फुल आहे, ही वीट कशाला वाहतोस?" दादा तेव्हा बुटाची नाडी बांधत होता, टाइप करायला हात मोकळे नव्हते. त्याने मान हलवली. ती 'हो' म्हणून हलली की 'नको' म्हणून, हे बघायला धाकटी थांबली कुठे?

तास सुरू तर झकास झाला. "वाळवंटात दिवसा भाजून निघतं, मग रात्री थंडी का पडते? लिहा." जुना भोंगा वर्गभर घुमला. दादाने झाकण मिटलं, मुलांच्या माना वहीत गेल्या. थोड्या वेळाने त्याने झाकण उघडलं. एका मुलीने उत्तर वाचून दाखवलं आणि दादाने टाइप केलं.

"बऽऽ... रोऽऽ... बऽऽ..."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. दादाने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच, विहिरीच्या तळातून आल्यासारखं. बाईंनी चष्मा काढून हातात धरला.

धाकटीने पाय खाली सोडले. मशीन जागं झालं होतं, पण वेग खालीच राहिला होता. असं कसं? घरी तर कधीच... घरी! घरी टेबलावर चार्जर कायम लावलेला असायचा. आणि तिला आपली चूक लख्ख दिसली. तिचा प्रोग्राम झोपण्याआधीचा वेग लक्षात ठेवायचा आणि जाग आल्यावर त्या आठवणीलाच खरं मानायचा. वेग वर होता ना, मग वरच असणार. प्रोसेसर खाली उतरलाय की काय, हे विचारायचाच नाही. चार्जर जोडलेला असला किंवा त्या क्षणी जोडला, तरच तो खात्री करून घ्यायचा.

ती उठून दाराच्या मुठीला हात लावून उभी राहिली. आत जावं तर बाई म्हणणार, यांना रोज बहीण लागते. न जावं तर दादा तिथे मुका उभा. माझ्यामुळे त्याचा वर्ग जाणार, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात दादा पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात घालून काहीतरी शोधायला लागला. कप्पा चाचपला, मग अख्खी पिशवी टेबलावर उपडी केली. त्याला चार्जर हवा होता! फुल बॅटरी असताना चार्जर कशाला शोधतोय, असा प्रश्न तिला पडला, आणि उत्तर कळल्यावर कानशिलं तापली: ही खोड त्याला आधीच ठाऊक होती, आणि चार्जर तिच्या पर्समध्ये होता. तिने दार ढकललं, खाली मान घालून चार्जर टेबलावर ठेवला आणि वळली.

दादाने पिन भिंतीत खुपसली, वायर लॅपटॉपला लावली आणि लगेच उपटली. रोज दाराला कडी घालावी इतक्या सवयीने.

"बरोबर. वाळू उष्णता धरून ठेवत नाही," भोंगा वाजला. "आणि पाहुण्यांनी बाहेर बसावं."

वर्ग खो खो हसला. धाकटी बाहेर पळाली.

तास संपल्यावर आधी बाई आल्या. "बाई, चूक माझ्या प्रोग्रामची आहे, दादाची नाही हो, मी आजच..."

"चूक कुणाची ते मला काय कळणार? मशीन अडलं आणि त्यांनी ते आपल्या हाताने सुरू केलं, तेवढं मी पाहिलं. त्यांचे तास त्यांच्याकडेच राहतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही मात्र उद्यापासून घरी बसा. काचेतून तुमचं तोंड बघून मलाच धडधडायला लागलं."

मग दादा आला, उघडा लॅपटॉप तळहातावर तोलत, खांद्याला पिशवी आणि गळ्यात चार्जरची वायर.

"तुला माहीत होतं?" धाकटीने विचारलं. "कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी रोज विचारायचे, दादा, नीट चाललंय ना. तू आपला मान हलवायचास!"

दादाने काहीतरी लांबलचक टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. ऑपरेशननंतर दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारच्या खुर्चीत ती डोळे ताणून बसून असायची. तो दर वेळी डोळे उघडून बघायचा, तर ही जागीच.

"सांगितलं असतं," लॅपटॉप म्हणाला, "तर तू झोपली असतीस?"

धाकटीने त्याच्या गळ्यातली वायर घेतली, नीट गुंडाळली आणि चार्जर त्याच्या पिशवीत ठेवला.