पाणी तोडायचा दिवस

रोहण्याला सून म्हणून आले तेव्हा संत्रं सोलून खाण्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. वर्ध्याच्या शाळेत सातवी झालेली, त्यामुळे नाकानं कांदे सोलायची सवय मात्र होती. नवरा आर्वीला मास्तर. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा, आणि बागेत पाऊल टाकलं की त्याला शिंका यायच्या. शेवटी सासऱ्यांनी, बाबारावांनी, एक दिवस मलाच बागेत नेलं. तीनशे झाडं पुढंमागं तूच सांभाळायची, म्हणाले. पण आधी शब्द शिकायचे, मग झाडं.

हे चोपन्न सालचं. बाया बागेत निंदायला जात, तोडणीला जात. पण झाडाचं पाणी केव्हा तोडायचं आणि केव्हा सोडायचं, हे एखाद्या बाईनं सांगितलेलं गावानं कधी ऐकलं नव्हतं. मला तेच हवं होतं. इतकं, की जेवताना घास तोंडात तसाच राहायचा.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. ते एकेका शब्दाला हात लावून दाखवत. खुंट म्हणजे खालचं जंबेरीचं रोप, काटेरी, आंबट, पण जमिनीला घट्ट. त्याच्या सालीत चीर पाडून गोड संत्र्याचा डोळा बसवायचा. वाळकी काडी ती सल. कोवळी नवी पालवी ती नवती. सरळसोट वर धावणारा, अंगानं जोमदार पण फळाला नालायक असा फुटवा म्हणजे पानसोट; हे सांगताना मामाजी आर्वीच्या दिशेनं बघत. मी सगळं वहीत उतरवलं आणि पंधरा दिवसांत पाठ केलं. दुपारी पडवीत लवंडले की ते शब्द डोळ्यांपुढं तरंगायचे, आणि झोप केव्हा लागली ते कळायचं नाही.

मार्गशीर्षात त्यांनी शेवटचा शब्द सांगितला, ताण. महिना-सव्वा महिना झाडाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पानं चुरमडतात, पिवळी पडतात, बरीचशी गळतात. मग संक्रांतीनंतर पाणी सोडलं की झाड एकदम फुलतं. मधेच कोणी पाणी पाजलं तर ते फुलायचं विसरतं आणि नुसता पाला काढत बसतं. मी लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

आमच्या गड्यानं, कवडूनं, मोट सोडली, पाट कोरडे पडले. तीन आठवडे झाले असतील, मामाजींना आष्टीहून लेकीच्या आजारपणाचा निरोप आला. निघताना मला म्हणाले, "पाटाकडं कोनाले फिरकू देऊ नको. हा बहार नीट आला तं पुढच्या सालचं पानी तूच तोडजो."

आता त्या झाडाबद्दल सांगायला हवं. विहिरीजवळचं पहिलंच झाड सासूबाईंचं, कौशल्याबाईंचं. लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं. त्यांना मी आत्याबाई म्हणे. गुडघे धरल्यापासून त्या खाटेवर असत आणि खिडकीतून ते झाड बघत. माझ्याशी त्या कामापुरतं बोलत, तेही कमीच.

मामाजी गेले आणि बाग फार गप्प झाली. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन पातळ दुधासारखं सगळीकडं सांडलेलं असायचं. कवडू बैलांशेजारी झोपायचा, बैलही झोपायचे. मी एकटी ओळींमधून फिरायची. पायाखाली पानं वाजायची. एकदा पडवीत डोळा लागला आणि स्वप्नात दिसलं की झाडं एकेक करून विहिरीवर येताहेत, रांगेत उभी राहताहेत, पुढच्याला कोणी ढकलत नाही, आणि विहिरीवर मी बसले आहे, हातात वही. जागी झाले तर माझाच घसा कोरडा पडला होता. समोर आत्याबाईंचं झाड. पानं मिटलेली, जणू मुठी आवळलेल्या. मला पाहवेना.

मी सहा घागरी ओतल्या. दुसऱ्या दुपारी सहा, तिसऱ्या दुपारी सहा. माती पाणी पिताना बारीक आवाज करायची, तो ऐकत मी तिथंच बसून राहायची. मग वरून वाळका पाला पसरायचा आणि घरात यायचं. वहीत दोनदा रेघ मारलेली ती मीच. पढतमूर्ख म्हणतात ते हेच. पण खोटं कशाला बोलू, त्या तीन दुपारांइतकं सुख मला त्या घरात तोवर लागलं नव्हतं.

मामाजी परतले. पहिल्या झाडापाशी थांबले, एक पान चुरगळलं, पुढं गेले. 

संक्रांत झाली, पाणी सुटलं, आणि माघात बाग फुलली. त्या दिवसांत गावात कोणाचंच कोणाकडं धड लक्ष नव्हतं. वासानं माणसं सुस्त झाली होती. बाया पाण्याला निघून बांधावरच बसून राहत, बैल चालता चालता थांबत, आणि मधमाश्यांचा आवाज घरात, भांड्यांत, उशीत भरलेला. बाकी सगळी झाडं पांढरीशुभ्र. एक हिरवंगार. आत्याबाईंच्या झाडाला नुसती नवती फुटली होती. कवडू म्हणाला, साऱ्या वरातीत एकच बिनफेट्याचा.

मामाजी खाटेजवळ येऊन उभे राहिले. मीही तिथंच होते.

"पयल्या झाडाले पानी कोनं देल्लं?"

मी तोंड उघडणार, त्याआधीच आत्याबाई म्हणाल्या, "म्या देल्लं."

मामाजींनी त्यांच्या गुडघ्यांकडं पाहिलं आणि बाहेर गेले. मी गप्प राहिले. माझ्या जिवात जीव आला, हेही सांगते, आणि त्याची लाज मला आजही वाटते. बाग हातची जाणार नव्हती. पण तो दिवसभराचा वास मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले आणि मामाजींना म्हटलं, पाणी मी घातलं.

"मालूम हाये," ते म्हणाले. "आष्टीहून आलो त्याच दिवशी समजलं. काऊन घातलं?"

"पाहवलं नाही."

ते बराच वेळ सल मोडत राहिले. मग सांगू लागले की त्यांच्या थोरल्या भावाला झाडाकडं बघायचीच सवय नव्हती. एका साली त्यानं पंधरा दिवस ताण जास्त दिला आणि चाळीस झाडं उभी वाळली.

"रोज पाहाचं, अन् पानी नाई द्याचं. दोन्ही जमन तं बाग तुही."

घरी येऊन आत्याबाईंना विचारलं, माझा आळ अंगावर का घेतला? त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या, "पस्तीस वर्सं झाले. दर हिवाळ्यात मनात ये, एक घागर नेऊन टाकाव. हिंमत नाई झाली. तू टाकून राह्यली होती, मी अथून पाहून राह्यली होती. मले वाटलं मीच टाकली."

पुढच्या मार्गशीर्षात पाणी तोडायचा दिवस मी सांगितला. कवडूनं एकदा मामाजींकडं पाहिलं, मामाजींनी माझ्याकडं पाहिलं, आणि कवडूनं मोट सोडली. पहिल्या झाडाच्या आळ्याचं तोंड मी माझ्या हातानं मातीनं बुजवलं. मग रोज दुपारी जाऊन बघत राहिले. या खेपेला स्वप्नं पडली नाहीत. आत्याबाईंनी खाट फिरवून घेतली होती, तोंड भिंतीकडं.

पंचविसाव्या दिवशी मी त्यांना पाणी द्यायला गेले. तांब्या हातात घेऊन त्यांनी विचारलं, "लय सुकलं का वं माहं झाड?"

"हो आत्याबाई. लय सुकलं."

"अजून किती दिवस?"

"बारा."

त्यांनी तांब्या तोंडाला न लावता माझ्याकडं परत दिला. म्हणाल्या, "घेऊन जाय. मले तहान नाई."

तो भरलेला तांब्या घेऊन मी बागेत गेले. झाडापुढं बराच वेळ उभी राहिले, आणि तसाच भरलेला घेऊन परत आले.