गोदाकाठचं पॅरिस

पुणतांब्याच्या गहिनीनाथाला वयाच्या छत्तिशीपर्यंत कुणी मुलगी दिली नाही. जमीन होती, विहिरीला पाणी होतं, पण नवरा शेती करतो म्हटलं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठत. शेवटी पठ्ठ्याने गोदाकाठची पेरूची बाग मोडली आणि तिथे जगभरचं प्रेम उभं केलं. लोखंडी अँगलचा आयफेल टॉवर, सिमेंटचा ताजमहाल, नावं लिहून कुलपं अडकवायला पॅरिससारखा पूल आणि दोन माणसं उभी राहतील एवढं लाल हृदय. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येऊ लागली. सगळ्या तालुक्याची लग्नं ह्याच्या आवारात रंगली, आणि हा आपला त्यांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून चंदेरी पडदा धरून उभा. धंदा मात्र बरा चालला.

मोनिकाचं स्थळ आलं तेव्हा त्याच्या आईने, मुक्ताबाईंनी, देवापुढे नारळ फोडला. मुलगी केडगावची, शिकलेली. एक साखरपुडा मोडलेला, पण आता त्याचं काय एवढं! बघण्याचा कार्यक्रम बागेतच ठेवा, असं मुलीनेच कळवलं होतं. त्यामुळे गहिनीनाथ तर हवेतच होता.

पोहे झाले. मोठ्यांनी दोघांना "जरा बोलून घ्या" म्हणून मोकळं सोडलं. बोलायचं काय ते न सुचून गहिनीनाथाने गिऱ्हाइकांना सांगायची माहितीच घडाघडा म्हणायला सुरुवात केली. कुठल्या देशात लोक किल्ली नदीत टाकतात, कुठल्या राजाने कुणासाठी काय बांधलं. ती ऐकत बरोबर चालत होती. लाल हृदयापाशी मात्र थांबली.

"हितं फोटो लई झ्याक येतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. माझा काढलाय इथे, गेल्या दिवाळीत. उजेड तुम्हीच धरला होता."

त्याला काही केल्या आठवेना.

"केडगावच्या चौकात तुमच्या जाहिरातीचा फलक आहे ना, त्यात मीच आहे. त्या मुलाबरोबर. लग्न मोडलं, फोटो तसाच राहिला. मला बघायला येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याखालून येतो. मी तुम्हाला फोनही केला होता. तुम्ही म्हणालात, फोटो छान आलाय, एवढा हंगाम उरकू द्या."

फोन आठवला. त्या दिवशी गर्दी होती आणि फोन ठेवताच तो विसरूनही गेला होता. आता मान वर करायची त्याला लाज वाटू लागली.

"आजच उतरवतो," तो म्हणाला आणि तिथल्या तिथे त्याने फलक लावणाऱ्या कानिफनाथाला फोन लावून काम सांगितलं. दिवस मावळायच्या आत फलक खाली आला पाहिजे, असं दोनदा बजावलं. मग फोन खिशात टाकून त्याने कसाबसा धीर केला.

"आनि... आपलं?"

मोनिकाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"माझा चेहरा तुम्ही वीस फुटांचा करून भर चौकात लावलात," ती म्हणाली. "आज इतका वेळ समोर बसले, तरी तुम्ही मला ओळखलं नाही."

पाहुण्यांची गाडी गेली. मुक्ताबाई पदराला हात पुसत लगबगीने आल्या.

"काय म्हनली रं पोरगी? पसंत हाय न्हवं?"

"ती मला बघाया आलीच नव्हती, आई."