पाँटिॲकचा लाल बाण

कॅनडात किचनरला सुनेत्रा गरुडच्या गॅरेजमध्ये गाडी कधी लागतच नाही. पुण्याला धातुशास्त्र शिकलेली ही बाई, कंपनीने कामावरून कमी केल्यावर रडत बसली नाही. जुन्या अमेरिकन मसल कारच्या बॉनेटवरची, ग्रिलवरची चिन्हं ती दुरुस्त करू लागली. कुणाचा उधळलेला घोडा, कुणाचा पंख पसरलेला अग्निपक्षी, कुणाची चिडलेली मधमाशी. बहुतेक पोस्टानेच येत.

लिओ मात्र मे महिन्यात स्वतः आला, मॅनिटूलिन बेटावरून सहा तास गाडी हाकत. सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा. टॉवेलात गुंडाळलेला लाल बाण त्याने टेबलावर ठेवला. टोक खाली, मधोमध आडवी चीर.

“सदुसष्टची पाँटिॲक जीटीओ,” सुनेत्रा म्हणाली.

“माझ्या भावाची, रेमंडची. मार्चमध्ये गेला, तेव्हा जमीन गोठलेली होती, दफन राहिलंय. जूनमध्ये त्याच्या गाडीमागून आम्ही सगळे दफनभूमीत जाणार आहोत. तोवर हे अखंड दिसायला हवं.”

तिने भिंग लावलं. हे जस्ताचं ओतीव काम. वयाने त्याला फोड येतात, पण अशी चीर पडत नाही. चिरेच्या वर गोल खळगा होता.

“हातोडी बसलीय यावर.”

लिओने खुर्ची ओढली. “वडिलांनी मारली. सत्तर साली.”

पाँटिॲक हे ओडावा या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या पुढाऱ्याचं नाव, हे सुनेत्राला ठाऊक होतं. १७६३ साली तो इंग्रजांविरुद्ध उठला. मग त्याचं नाव एका गावाला मिळालं आणि गावावरून मोटारीला. सुरुवातीला चिन्हात पिसांचा मुकुट घातलेला चेहराच असे, १९५०च्या दशकाअखेर त्या जागी बाण आला. कामाच्या निमित्ताने हे सगळं तिने वाचलं होतं. पण लिओ स्वतः ओडावा होता.

“रेमंडने सडबरीच्या खाणीत राबून ती गाडी घेतली,” तो म्हणाला. “म्हणायचा, गोरी पोरं सिग्नलला थांबली की आपल्या माणसाचं नाव वाचतात. वडील म्हणायचे, आधी त्याची जमीन नेली, मग त्याच्या नावावर यंत्रं विकली. एका सकाळी ते अंगणात गेले नि एकच घाव घातला. त्या गाडीत मरेपर्यंत बसले नाहीत. रेमंडनेही तो बाण तसाच ठेवला.”

सुनेत्राची आई दिवाळीत फटाक्याच्या पुड्यावरचं लक्ष्मीचं चित्र आधी सोलून देवघरात ठेवायची आणि मगच माळ पोरांच्या हाती द्यायची. त्या म्हाताऱ्याचा राग सुनेत्राला समजला. रेमंडचा हट्टही समजला. तिने बाण पुन्हा टॉवेलावर ठेवला.

“तुमच्या भावाने पन्नास वर्षं ही चीर जपली. ती मी बुजवावी, असं त्याला वाटलं असतं?”

लिओ म्हणाला, “वडील हॉस्पिटलमध्ये होते. मला म्हणाले, रेमंडला सांग, बाण नीट करून घे. बरा झालो की त्याच्या गाडीतून घरी येतो. मी सांगितलं नाही.”

“का?”

“रागावलो होतो. तो खाणीवर निघून गेला होता नि म्हाताऱ्याचं सगळं मी करत होतो. आणि मरताना आठवण कुणाची, तर त्याची. चार दिवसांनी वडील गेले. मग तोंडच उघडेना. बेचाळीस वर्षं.”

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही. गाडी आता शेरिलची. रेमंडची मुलगी.”

“मग चीर बुजवायची की नाही, हे ती ठरवेल,” सुनेत्रा म्हणाली. “आणि ते सगळं ऐकूनच ठरवेल. त्याआधी मी याला हात लावणार नाही.”

लिओ रागाने उठला. बाण मात्र टेबलावरच राहिला. ड्राइव्हवेमध्ये जाऊन त्याने फोन लावला. खिडकीतून तिला दिसत होतं, बोलतोय कमी, ऐकतोय जास्त. शेवटी एका हाताने त्याने गाडीचं छत धरलं.

तो आत आला तेव्हा डोळे लाल होते. “खूप बोलली. माझं तोंड पाहायचं नाही म्हणाली. पण आजोबांनी सांगितलंय तर नीट करून घ्या, असं म्हणाली.”

सुनेत्राने तीन आठवडे घेतले. तांब्याचा थर, डाग देऊन चिरेची सांधणी, घासकाम, शेवटी क्रोम, आणि खोबणीत लाल रंग. मागच्या बाजूने सांधा बोटाला लागतो, हे तिने पाठवताना चिठ्ठीत लिहिलं.

जूनअखेर शेरिलचा फोन आला. गाडी व्यवस्थित गेली. काका सगळ्यात मागच्या गाडीत होते, आणि त्या दिवशी ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

“आणि आता?” सुनेत्राने विचारलं.

“काकांना रविवारी जेवायला बोलावलंय,” शेरिल म्हणाली. “बघू. आजोबा नेमकं काय म्हणाले, ते मला त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचंय.”