नाक्यावरचा बुटांचा ब्रश

मित्रांनो, माझे केस झडलेत आणि मूठ चिरली आहे, तरी मला हसू नका. मी दोन देशांच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावरचा, बूट घासायचा जुना ब्रश आहे.

कारखान्यात माझे ताठ केस लाकडात ओवले गेले, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या साहेबाचे बूट चमकवीन. नशिबी आला चिखल! पण मी तपासनीस ताईंच्या हाती पडलो आणि माझं सोनं झालं.

पलीकडच्या देशात एका परक्या तणाने कुरणंच्या कुरणं गिळली होती. गुरं त्याला तोंड लावत नसत. त्याचं बी खसखशीएवढं, बुटांच्या चिखलातून प्रवास करणारं. आमच्या बाजूला खाली खोऱ्यात ताईंच्या भावाची आणि साऱ्या गावाची गुरं चरत. ते बी इकडे येऊ द्यायचं नाही, एवढंच आमचं काम.

"ताई, बूटपॉलिशचं दुकान कधी काढलंत?" ट्रकवाले चेष्टा करत.

"पॉलिश पुढच्या गावात. इथे फक्त चिखल काढून मिळेल. पाय वर करा!"

काढलेला चिखल भट्टीत जाई. मला मात्र ताई रोज मागच्या नळावर स्वच्छ धूत.

एका सकाळी ताई नळाच्या मोरीपाशी थबकल्या. तिथे दोन बोटं उंचीचं, जांभळ्या देठाचं रोप होतं. तेच तण! बी माझ्याच केसांतून उतरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणी पाहिलं नव्हतं. रोप उपटून गप्प बसता आलं असतं. पण मोरीचं पाणी ओढ्याने थेट खोऱ्यात जात होतं. ताईंनी भावाला फोन लावला.

"दादा, चूक माझी आहे. मी ब्रश नळावर धूत होते. ओढ्याकाठी जांभळ्या देठाचं काही दिसलं, तर उपटून पिशवीत बांधून ठेव."

मग पलीकडच्या नाक्यावरच्या तपासनीस काकांना फोन केला. "काका, ब्रश धुतलेल्या पाण्यातून आमच्या मोरीत ते तण उगवलंय. तुमचं पाणीही याच ओढ्याला मिळतं; तुम्हीही ब्रश नळावरच धुता ना?"

"धुतो की! अरे देवा... बरं झालं सांगितलंत."

पुढे दोन महिने ताई प्रत्येक सुट्टीला भावाबरोबर ओढा पालथा घालत होत्या. सात रोपं सापडली. आठवं सापडलं नाही, तरी त्या वर्षभर जातच राहिल्या. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तेव्हापासून मला रोज उकळत्या पाण्यात बुडवतात. माझे केस झडले ते त्यानेच, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. मित्रांनो, सीमेवर कुणी पाय वर करायला सांगितलं तर कुरकुरू नका. घरी बूट धुवाल, तेव्हा ते पाणी कुठे जातं तेही बघा. ताईंनी बघितलं, म्हणून खालची गुरं आजही पोटभर चरतात.