काखेत आवळतंय

टेलरबाईंच्या दुकानात औषधवाला नवा कोट घालून आरशापुढे उभा होता, आणि कोटापेक्षा त्याचा जीवच जास्त आवळला होता. शेजारीच त्याचं औषधांचं दुकान. किती दिवस धीर गोळा करत होता बिचारा. शेवटी डोळे मिटून बोलून टाकलं, "मला तुम्ही फार आवडता. आपलं दोघांचं जमेल का?"

आता नशीब बघा! नेमकी तेव्हाच बाईंना त्यांची नेहमीची फिट आली. पडणं नाही, हातपाय झाडणं नाही. नजर तेवढी कोरी, आणि काही सेकंदांत बाई परत जागेवर. भानावर आल्या त्या थेट "जमेल का"वर.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "काखेत आवळतंय. उसवावं लागेल."

औषधवाला कोट तिथेच टाकून पळाला.

काजं करत बसलेली त्यांची वहिनी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होती. "अगं ठोंबे, लग्नाचं विचारलं त्याने!"

म्हणजे मधेच फिट येऊन गेली, हे बाईंच्या लक्षात आलं. फिटचं त्याला कळू नये म्हणून बाई गोळ्या लांबच्या दुकानातून आणायच्या. सांगावं तर माणूस हातचा जाईल, न सांगावं तर गेलाच आहे! होऊन जाऊ दे म्हणाल्या, आणि गळ्यात टेप तशीच, गोळ्यांचं पाकीट घेऊन त्याच्या काउंटरवर धडकल्या. एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याने पाकीट उलटंपालटं केलं. "कार्बामाझेपीन? अहो, फिट काय एकाच जातीची असते? माणूस हातपाय झाडतो तशा काही फिट्सवर ही चांगली, पण तुमच्या कोऱ्या फिट्स हिने वाढूसुद्धा शकतात. डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"फिट येते म्हणून."

"धन्य आहात! मनाने बंद मात्र करू नका हं. उद्याच जाऊन नीट सांगा."

डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून आलेख काढला, कोऱ्या फिट्सवरचं एथोसक्सिमाइड सुरू केलं, जुनी गोळी हळूहळू थांबवली. बाईंच्या दिवसांना पडलेली भोकं बुजत गेली. बाई मशीनवर बसून चक्क गाऊ लागल्या, तेही बेसूर.

मग एकदा औषधवाला कोट न्यायला आला, आणि घसा खाकरून त्याने पुन्हा तेच विचारलं.

बाई गप्प. नजर समोर.

त्याला घाम फुटला. "बाई? अहो... वहिनी, धावा! फिट आली!"

"काही आलेली नाही," बाई खुदकन हसल्या. "मागच्या वेळी ऐकायचं राहिलं होतं ना, म्हणून जरा पुरवून पुरवून ऐकत होते. जमेल!"