इंजिनावरचा ठिपका

मित्रांनो, कारखान्याने मला गल्ली दणाणून सोडणारा आवाज दिला, पण बोलता येईल अशी सोय काही केली नाही. मी एक जुनी मोटारसायकल आहे. रंग काळा, टाकी गोलमटोल आणि वयाच्या मानाने प्रकृती ठणठणीत. निदान वरून तरी.

माझे मालक चष्म्याच्या काचा घासायचे आणि दुकानोदुकानी पोहोचवायचे. मागच्या पेटीत काचा असल्यामुळे मला ते तळहाताच्या फोडासारखं जपून चालवत. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे. मला लाज वाटायची, पण त्या संथपणानेच मला जगवलं हे मला फार उशिरा कळलं.

वर्षभरातच कंपनीने आमच्या खेपेच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. इंजिनात तेल फिरवणाऱ्या पंपाचं एक दातेरी चाक कच्चं निघालं होतं. ते तुटलं की तेल बंद, इंजिन जाम, आणि धावत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी अडकणार. मालक मला वर्कशॉपमध्ये ठेवून गेले. दातेरी चाक बदललं की इंजिनाच्या नंबराशेजारी एक ठिपका ठोकायचा, अशी तिथली पद्धत. आमचा फिटर मोठा हुशार. सारखा हातोडा कोण शोधणार, म्हणून त्याने रांगेतल्या सगळ्यांना आधीच ठिपके ठोकून टाकले. माझी पाळी आली आणि नेमकी नवी चाकं संपली. तो गोदामात गेला, तेवढ्यात मालक आले. ऑफिसातल्या माणसाने ठिपका बघितला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. मालकांनी ठिपक्यावरून कौतुकाने बोट फिरवलं. मी काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

फिटर गोदामातून परतला तोवर मी घरी पोहोचले होते, आणि ठिपकेवाल्या रांगेतलं कोण राहिलं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पुढे मालकांचे गुडघे गेले आणि मी ताडपत्रीखाली गेले. उंदरांनी सीट कुरतडली. कोणी विचारीना. मग त्यांच्या लेकीने मला बाहेर काढलं, घासून पुसून चकचकीत केलं. डोंगरापलीकडे तिची आत्या राहते. भावाबहिणीची कित्येक वर्षांत गाठ नाही. बाबांना माझ्यावर बसवून तिकडे न्यायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

पोरगी मोठी सावध. जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडून तिला त्या कच्च्या चाकाची गोष्ट कळली होती. दुरुस्ती झाली होती की नाही, याची खात्री होईपर्यंत बाबांना मागे बसवायचं नाही, असं ठरवून ती मला त्याच फिटरकडे घेऊन आली, आता तो सगळ्यांचा फिटरकाका झाला होता. मालकही काठी टेकत सोबत आले.

फिटरकाकांनी प्लग, ब्रेक सगळं नीट केलं आणि मग नंबरावरचं काळं पुसलं. ठिपका चमकला. झालंय काम, ते म्हणाले. मी जिवाच्या आकांताने आतून कुरकुरले. जुन्या गाडीचा आवाज असाच असतो, म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी खाली तेलाचा थेंब टाकला. त्यांनी तो फडक्याने पुसून टाकला.

लेकीचं मात्र समाधान होईना. "काका, एकदा उघडून बघायचं का?"

तिचा पाना व्हायला मी तयार होते, मित्रांनो! काकांचीही ना नव्हती. झाकणाखालचं जुनं गॅस्केट फाटेल, नवं मिळायला वेळ लागेल, पण तुम्ही म्हणाल तर उघडतो, असं ते म्हणाले. तेवढ्यात मालक हळूच बोलले, "अगं, मी स्वतः नेऊन करून आणलंय. मला आता काही आठवत नाही असं वाटतं का तुला?"

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. हल्ली त्यांना औषधांच्या वेळा आठवत नाहीत, आणि ते त्यांना फार लागतं. "नाही हो बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच असणार."

कोणी कुणाला फसवलं नाही. म्हणूनच मला कुणावर रागावताही येईना. मित्रांनो, एवढंच मागते. आमची निगा राखायची तर नुसती वरून पुसू नका. झालंय म्हणणारा कितीही आपला असो, झाकण उघडून बघा. तो रुसला तर समजूत काढता येते.

लेकीने बाबांना मागे बसवलं, त्यांच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. "घट्ट धरा हं," म्हणाली, आणि तिने किकवर पाय ठेवला. सुरू व्हायचंच नाही, असा मी पक्का निश्चय केला होता. पण फिटरकाकांनी बाकीचं काम इतकं चोख केलं होतं की मी पहिल्याच किकला सुरू झाले.