नीरजाला बाहेर काढलं

बॉर्डर बंद झाल्या आणि मी ऑस्ट्रेलियात गिरावीनला लेकीकडे अडकले, म्हणून तिचं काम पहिल्यांदाच जवळून पाहिलं. नीरजा वकील आहे. पॅसिफिकमधल्या एका छोट्या देशात दंगलींनंतर कोर्टंच उरली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने ती पुन्हा उभी करायला नीरजा पाच वर्षं तिकडे राहिली, नवे मॅजिस्ट्रेट तयार केले. कोविडमुळे आता सगळं डायनिंग टेबलावरून चाललं होतं.

त्या दिवशी तिची शिष्या रूथ, आता तिकडची मॅजिस्ट्रेट, एका बड्या पोलीस अधिकाऱ्यावरचा खटला ऑनलाइन चालवत होती. नीरजा लॅपटॉपवर नुसती बघायला बसली होती. आरोपीचा वकील आवाज चढवून रूथला दाबायला लागला, तशी हिला राहवेना. माइक चालू करून हिने कायद्याचं कलमच सांगून टाकलं.

रूथ थांबली. म्हणाली, "मॅडम, या कोर्टात तुम्हाला बोलायचा अधिकार नाही." आणि तिने नीरजाला मीटिंगमधून काढून टाकलं.

माझं डोकंच फिरलं. "जिला तू हाताला धरून शिकवलंस, तिने तुला हाकललं? काही लाज आहे की नाही!"

नीरजा काळ्या स्क्रीनकडे बघत हसत होती, पण डोळे भरलेले. "आई, खुर्चीत बसल्यावर बाहेरच्या कुणाचंही ऐकायचं नाही, हेच तर शिकवलं तिला. मीच विसरले."

मी मग पुण्याला बहिणीला फोन लावला.

"चित्रा, आमच्या नीरजाला आज कोर्टातून हाकललं. लॉकडाऊन उठला की माझ्या नावाने पेढे वाट."